केनी आला का?

डेल हॅनिगनने पहिल्याच भेटीत माझ्या हातात स्वतःचे दात ठेवले. वरच्या ओळीतले पुढचे सगळे, गुलाबी पट्टीसकट, अजून ओले. "सांभाळ," तो बोळक्या तोंडाने म्हणाला, "पालथं झोपलो की घशात जातात. आणि जोरात दाब. हळुवारपणा मला सोसत नाही."

मस्कतला घुब्र्यातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची वसईची. माझ्याकडे येतात ते मान आखडलेले कारकून, कंबर धरलेले ड्रायव्हर आणि रुसैलच्या कारखान्यांत पेट्या उचलून उचलून खांदे गेलेले कामगार. त्यांची दुखणी मला पाठ होती. डेलचं शरीर मात्र त्यातल्या कुणासारखंच नव्हतं. साठीला आलेला, दारातून आत येताना मान वाकवणारा दांडगा माणूस. एक गुडघा वाकत नव्हता आणि दुसरा वाकला की सरळ व्हायला तयार नसायचा. नाक आधी डावीकडे आणि मग विचार बदलल्यासारखं उजवीकडे वळलेलं. बोटांची हाडं मोडून जशी जमतील तशी जुळलेली. "हे सगळं कशाने झालं?" मी विचारलं.

"नोकरी," तो म्हणाला.

ही नोकरी म्हणजे आइस हॉकी. पायात स्केट्स घालून बर्फावर खेळतात ती हॉकी, चेंडूऐवजी पक नावाची रबराची कडक चकती. डेल कॅनडात या खेळातला व्यावसायिक बचावपटू होता. आता मस्कतच्या एका मॉलमध्ये बर्फाचं रिंक होतं, तिथल्या हौशी क्लबाचा तो कोच होता. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन असायचं आणि हा लोकरीची टोपी घालून क्लिनिकमध्ये शिरायचा. त्याच्या जॅकेटला फ्रीज उघडल्यावर येतो तसा वास असे. माझं नाव त्याला कधी जमलं नाही. मी डॉक्टर नाही हे कितीदा सांगूनही तो मला 'डॉक'च म्हणत राहिला.

त्याची सगळी कारकीर्द मी अशीच, त्याच्या पाठीवर हात ठेवून ऐकली. गव्हाच्या सपाट मुलखातलं गाव, धान्याचा ट्रक चालवणारा बाप. मिसरूड फुटायच्या आतच तो घर सोडून ज्युनियर संघात गेला आणि परक्या लोकांच्या तळघरात राहिला. "मला गोल करता येत नव्हता," तो सांगायचा. "स्केटिंगही बेताचंच. पण माझ्या बाजूने कुणी पुढे जात नसे." त्याच्या पहिल्या कोचने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुला खेळ देवाने दिलेला नाही, मुठी दिल्यात, तर त्या वापर. मग त्याने त्या वापरल्या. आपल्या संघाच्या हुशार पोराला कुणी धक्का दिला, की डेलने बर्फावर जायचं, हातमोजे टाकायचे आणि त्या माणसाला चोपायचं. लोक उभे राहून ओरडायचे. वर्षानुवर्षं खालच्या लीगच्या बसमध्ये, दोन सीटांमधल्या जागेत झोपून त्याने प्रवास केला. सगळ्यात वरच्या लीगमध्ये थोडेच हंगाम मिळाले. तिथून त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, तेव्हा ते त्याला क्लबाने सांगितलंच नाही. "न्हाव्याने सांगितलं. अर्धे केस कापून झाले होते. त्याच्या रेडिओवर बातमी लागली." पुढे जर्मनी, स्लोव्हाकिया, डेन्मार्क. "शेवटी शेवटी तर कुठल्या भाषेत शिव्या खातोय तेही कळत नव्हतं, डॉक."

त्याच्या काही ठरलेल्या ओळी होत्या. मी दुखऱ्या जागेवर अंगठा रुतवला आणि "दुखतंय का?" विचारलं, की तो म्हणायचा, "दुखतंय. छान. म्हणजे अजून जागेवर आहे." आणि खेळाडूंना सांगायची ओळ मलाही सांगायचा, जणू मी उद्या त्याच्या संघात खेळणार होते. "पक खोटं बोलतो. काठी खोटं बोलते. डोळे तर सगळ्यात लबाड. तू फक्त छाती बघ. छातीला सोडून माणूस कुठे जाणार?"

मला तो आवडायचा, हे सांगायलाच हवं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. दात काढले की त्याला खाता येईल अशी एकच गोष्ट मस्कतमध्ये होती आणि ती म्हणजे इडली. आमच्या क्लिनिकखालच्या हॉटेलात बसून तो सांबारात बुडवून इडल्या खायचा. वेटरने चमचा पुढे केला की त्याच्याकडे रागाने बघायचा. एकदा आमच्याकडे एका कंपनीच्या मॅनेजरने रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीला अपॉइंटमेंटवरून नको ते बोलून रडवलं. डेल बाकावर बसला होता. उठून मॅनेजरकडे गेला, हसून हात पुढे केला आणि त्याचा हात हातात घेतला. मग सोडलाच नाही. तोंडाने एक शब्द नाही, चेहऱ्यावर तेच हसू. मॅनेजरचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला, आणि शेवटी तो कळवळून त्या मुलीला "सॉरी, सॉरी" म्हणाला. तेव्हा कुठे डेलने हात सोडला. "माणसाला सॉरी म्हणता येतं," तो टेबलावर चढताना मला म्हणाला. "थोडी मदत लागते."

रिंकवर मात्र तो निराळाच माणूस असायचा. हे मला सावंत सांगायचा. सावंत कुडाळचा. रिंकवरचा बर्फ घासून गुळगुळीत करणारं यंत्र तो चालवायचा, आणि डेलला गाडी चालवता येत नसे म्हणून त्याला माझ्याकडे आणून सोडायचा. "मॅडम," सावंत एकदा म्हणाला, "ह्यो माणूस येक दिवस कोणाक तरी जीवानिशी मारतलो."

मारलं नाही, पण फार लांबही राहिलं नाही ते. क्लबात हैथम नावाचा एक ओमानी तरुण होता, निझव्याचा, मस्कतला इंजिनीअर. खेळावर जीव टाकणारा. चेंज करून ऑफिसातून थेट बर्फावर. डेल त्याच्यावरच सगळ्यात जास्त खेकसायचा. हैथमची एक खोड होती, पक काठीवर आला की तो मान खाली घालून त्याच्याकडेच बघत पळायचा. डेल रोज ओरडायचा, डोकं वर. एका सरावात हैथम पुन्हा मान खाली घालून निघाला. कोच म्हणून बाजूला उभा असलेला डेल, तसल्या गुडघ्यांनी, आडवा आला आणि खांद्याने त्याला असा हाणला, की पोरगा कडेच्या फळीवर जाऊन आदळला. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो विव्हळत पडला होता आणि डेल त्याच्यावर वाकून म्हणाला, "आता राहील लक्षात." मग बाकीच्यांकडे वळून, "यल्ला, चला, पुढचा."

हाड जुळल्यावर हैथम व्यायामासाठी माझ्याकडेच यायला लागला. हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी विचारलं, पुन्हा खेळणार का? त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आई विचारते, कुणी केलं. मी सांगितलं पडलो," तो म्हणाला. "खरं सांगितलं तर माझे भाऊ त्याला शोधत येतील." मग म्हणाला, "मला वाटायचं, तो माझ्यावरच ओरडतो म्हणजे मीच त्याचा आवडता."

तो परत बर्फावर गेला नाही.

त्याच आठवड्यात डेल आला तेव्हा मी त्याच्या पाठीत कोपर घातलं आणि अंगातला सगळा जोर लावला. तो गुरगुरला. "आता कसं! आज हात लागला तुझा."

"लाज वाटते का तुम्हाला?" मी म्हटलं. "तो तुम्हाला बापासारखा मानत होता."

"बापच वागतात असे. माझा वागला." तो उशीत तोंड खुपसून बोलत होता. "मी शिकवलं तर हाड मोडलं. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर केनी झाला असता."

"कोण केनी?"

तेव्हा त्याने मला केनी डोब्सची गोष्ट सांगितली. डेल तेव्हा खालच्या लीगमध्ये होता, वर जायची आशा जवळजवळ संपलेली. केनी समोरच्या संघात. विशीतला, बारीक, वाऱ्यासारखा. "अख्ख्या लीगमध्ये तसा कुणी नव्हता. त्याचे पाय बर्फाला लागायचेच नाहीत, डॉक." मैदानाच्या मधोमध, मागून येणारा पास घ्यायला केनीने मान वळवली आणि डेल समोरून आला. खांदा थेट छातीत. केनी उलटा होऊन डोक्यावर पडला आणि त्याचे पाय थरथरायला लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग पाय थरथरायचे थांबले, तेव्हा टाळ्याही थांबल्या. त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, एका हातातली शक्ती गेली, खेळ तर गेलाच.

"स्वच्छ धडक होती," डेल म्हणाला. "त्या काळच्या नियमांत बसणारी. पंचाने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. आणि त्याच आठवड्यात मला वरच्या लीगमधून फोन आला. मी मोठा खेळाडू झालो तो त्या धडकेने."

"भेटायला गेलात त्याला?"

"कशाला? स्वच्छ होती म्हटलं ना."

मी घरी येऊन हे माझ्या नवऱ्याला, आल्विनला, सांगितलं. तो हॉटेलात बेकरीचं काम बघतो, शांत माणूस. म्हणाला, "त्या माणसाला हात तरी कशाला लावतेस तू?" आम्ही दुखण्याला हात लावतो, माणसाला नाही, असं काहीतरी बोलले. ते मलाही पटलं नाही.

थंडीच्या दिवसांत मुत्राहच्या बंदराला मोठमोठी प्रवासी जहाजं लागतात. म्हातारे गोरे प्रवासी दिवसभर सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, लोबान आणि शाली बघत फिरतात आणि संध्याकाळी जहाजावर परत जातात. अशाच एका दिवशी, डेल माझ्या टेबलावर शेकाची पिशवी घेऊन पडला होता, तेव्हा सावंतने दार ढकललं. चेहरा आनंदाने फुललेला. "मॅडम, कोचाचो गाववालो इलोहा! थेट क्यानडासून!" क्लबाच्या इंटरनेटवरच्या पानावर डेलचा फोटो बघून त्या माणसाने रिंकला मेसेज केला होता, आणि सावंत त्याला मोठ्या हौसेने बंदरावरून गाडीत घालून घेऊन आला होता.

आत आला तो काठी टेकत आला. बारीक अंगाचा, पांढरे केस, एक डोळा अर्धवट मिटलेला. काठीच्या हाताने दार धरलं तेव्हा दुसरा हात कोटाच्या खिशात लुळा पडला होता. मागे त्याची बायको, हातात सूकमधली पिशवी. मला नाव सांगायची गरजच नव्हती.

"डेल," तो म्हणाला. "मी केनी. केनी डोब्स."

डेल कोपरावर उठून बसला. तोंडात दात नव्हते, ते माझ्या ट्रेमध्ये होते. त्याने केनीकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि म्हणाला, "कोण?"

केनीने गावाचं नाव सांगितलं, रिंकचं सांगितलं, मागून आलेला तो पास सांगितला. अगदी सावकाश, जणू ही वाक्यं त्याने कित्येक वर्षं घासूनपुसून ठेवली होती. डेलने मान हलवली. "खूप जणांना पाडलंय रे मी. चेहरे कुठे लक्षात राहतात?"

सावंतचं हसू हळूहळू उतरलं. त्याला इंग्रजी पुरतं कळत नव्हतं, पण खोलीतलं कळत होतं.

"तुला आठवत नाही," केनी म्हणाला.

"नाही." डेलने ओठ आत ओढले. मग विचारलं, "तू बरा खेळायचास का?"

केनीच्या बायकोच्या तोंडून एक आवाज निघाला, चटका बसल्यासारखा. केनी मात्र काठी धरून तसाच उभा राहिला. त्याचा चांगला डोळा डेलवर होता. "हो," तो शेवटी म्हणाला. "मी फार चांगला खेळायचो."

"छान," डेल म्हणाला आणि पुन्हा पालथा झाला.

बायको "चल, केनी" म्हणाली. दारात केनी माझ्याकडे वळला. "मी त्याला माफ करायला आलो होतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. वर्षानुवर्षं उचलून आणलेली जड वस्तू कुठे ठेवायची तेच न कळल्यासारखा तो बोलत होता. सावंत त्यांना खाली घेऊन गेला.

दार लागलं तशी मी शेकाची पिशवी उचलून बाजूला फेकली. "खोटारडे! महिना नाही झाला, तुम्ही मला त्याचे पायसुद्धा कसे चालायचे ते सांगितलंत."

त्याने उशीत तोंड खुपसलं. मग म्हणाला, "माफ करायला आला होता. माफी घेतली म्हणजे गुन्हा कबूल. माझा गुन्हा नाही. आणि माफी नको म्हणालो असतो तर तो इथेच कोसळला असता. म्हणून विसरलो."

"आणि बरा खेळायचास का, हे कशाला विचारलंत? त्याच्या बायकोसमोर?"

"सगळे त्याला डोक्याचं विचारत असतील, डोळ्याचं विचारत असतील. खेळ कुणी विचारला असेल? एकदा तोंडाने म्हणू दे म्हटलं." मी जरा विरघळले असेन, ते त्याने बरोबर हेरलं. मान वळवून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "आणि त्याला लागावं म्हणूनही विचारलं. दोन्ही. मला संत करू नकोस, डॉक. दात दे."

त्यानंतर तो घसरत गेला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण विसरण्याचं त्याने स्वतःच नाटक केलेलं होतं. मग सावंतचा फोन यायला लागला. "मॅडम, आज कोच चपलो घालून बर्फार गेलो. पोरांका भलत्याच नावान हाका मारी होतो." एकदा त्याने इथल्या एका बँकेत काम करणाऱ्या खेळाडूला हातमोजे टाकून लढायला बोलावलं, आणि तो गरीब माणूस हात जोडून मागे सरकत असताना त्याला ठोसा मारला. क्लबाच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं, खलास. डेलने चिडचिड केली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तो टोपी घालून रिंकवर हजर झाला. नवा कोच आधीच बर्फावर होता. पोरं खाली बघत पळत राहिली. कुणी त्याला ओळख दिली नाही. सावंतने त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोक्याला आयुष्यभर बसलेल्या मारांचं हे फळ आहे आणि हे उलटणार नाही. मालक वाईट नव्हता. कॅनडातून कुणी न्यायला येईपर्यंत त्याने डेलचे व्हिसाचे कागद चालू ठेवले आणि अझैब्यातला फ्लॅट राहू दिला. सावंत सामान आणून द्यायचा. मी कामावरून सुटले की त्याचे गुडघे हलवायला जायचे.

असंच एकदा मी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याने विचारलं, "केनी आला का?"

मला आधी समजलंच नाही. "कोण?"

"केनी. यायचा होता ना? त्याला सांगायचंय." त्याने माझं मनगट धरलं. पकड अजून तीच होती. "पक त्याच्याकडे नव्हताच, डॉक. ज्याच्याकडे पक नाही त्याला धडक मारायची नसते. पास पुढे निघून गेला होता. मला दिसलं होतं. थांबायला वेळ होता. पण वर गॅलरीत मोठ्या क्लबाचा माणूस मला बघायला बसला होता." डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते त्याच्या गावीही नव्हतं. "सॉरी म्हणायचंय. तो येतोय ना?"

ज्या माणसाने शुद्धीवर असताना माफी नाकारली, तो शुद्ध हरपल्यावर ती मागत बसला. बाकी सगळं धुऊन गेलं. जर्मनी गेली, डेन्मार्क गेलं, माझ्या डोळ्यांदेखत इडली हा शब्दही गेला. केनी तेवढा राहिला. रोज तोच प्रश्न, रोज पहिल्यांदाच विचारल्यासारखा. 'स्वच्छ होती' हे वाक्य मात्र त्याच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही.

सावंतच्या फोनमध्ये केनीचा नंबर होता. एका सकाळी मी हिंमत करून लावला. केनीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. धडकेबद्दल डेल काय म्हणाला तेही मी सांगितलं.

"पक माझ्याकडे नव्हता हे मला माहीत आहे," केनी म्हणाला. "तेव्हापासून माहीत आहे. मला वाटायचं, तोही रोज त्याचाच विचार करत असणार. तिथे आलो आणि कळलं, त्याच्या मनात मी कुठेच नव्हतो. घरी परतताना जहाजावर मी खूप रडलो आणि मग माझं ते सगळं संपलं. आता मी त्याचा विचार करत नाही. खरंच करत नाही." मग अगदी सभ्यपणे त्याने विनंती केली, "कृपा करून त्याला फोनवर देऊ नका. आणि पुन्हा फोन करू नका."

त्या दिवशी डेलने विचारलं, "केनी आला का?" आणि मी म्हटलं, "येऊन गेला. तुम्ही त्याला सॉरी म्हणालात. तो बरं म्हणाला."

"बरं म्हणाला?"

"हो. हात मिळवून गेला."

त्याने मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत मागे टेकला. तासभर तरी तो नुसता शांत बसून होता, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं असा. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तो श्वास. माझ्या नोकरीत मी इतकी वर्षं माणसांची दुखणी कमी करत आले, पण एका वाक्याने एवढं दुखणं थांबलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. सावंतलाही मी ते उत्तर शिकवून ठेवलं. इंग्रजीत. त्याने ते पाठ केलं.

मग डेलची मुलगी आली. मेगन. चाळिशीतली, बापासारखीच उंच, केस मागे घट्ट बांधलेले. आपल्याला मुलगी आहे हे त्याने मला कधी सांगितलंही नव्हतं. तिने येताच घर स्वच्छ केलं, त्याला अंघोळ घातली, नखं कापली. हातात चीड नव्हती, मायाही नव्हती. काम करत होती. ती त्याला घराजवळच्या वृद्धाश्रमात ठेवणार होती, जागा बघून आली होती.

निघायच्या दिवशी दुपारी मी आणि सावंत विमानतळावर गेलो. डेल चाकाच्या खुर्चीत होता, गळ्यात मफलर, मांडीवर टोपी. मी मेगनला बाजूला घेतलं. औषधं सांगितली, गुडघ्यांचे व्यायाम सांगितले आणि मग केनीचं सांगितलं. तो रोज काय विचारेल आणि काय उत्तर दिलं की शांत होईल, ते नीट समजावलं.

तिने पूर्ण ऐकलं. "आणि माझ्या आईबद्दल काय विचारतो?" ती म्हणाली.

मी औषधांच्या पिशवीची गाठ पुन्हा बांधली.

"लुईस. लुईस हे नाव एकदा तरी घेतलं त्याने तुमच्यापुढे?"

"नाही," मी म्हटलं.

"त्याने तिचा जबडा मोडला होता. मी स्वयंपाकघरात होते, टेबलाखाली. तारा घातलेल्या तोंडाने तिने मला त्या वर्षी ख्रिसमसची गाणी म्हणून दाखवली होती. ती गेली तेव्हा हा डेन्मार्कमध्ये खेळत होता. फोनही केला नाही." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मी रोज जाऊन त्याला भरवीन, धुवीन, कूस बदलून देईन. ते माझं मी करीन. पण हे तुम्ही सांगता ते मी त्याला देणार नाही."

"तो आजारी आहे, मेगन," मी म्हटलं. "त्याला कळत नाही."

"एवढं कळतं ना, की कुणाला तरी सॉरी म्हणायचंय? मग तिला म्हणू दे."

सावंत सामान देऊन आला. तपासणीच्या दाराशी आम्हाला थांबावं लागलं, त्यापुढे आम्हाला जाता येत नव्हतं. मी डेलसमोर खाली बसले आणि त्याचे हात हातात घेतले. त्याने माझ्याकडे बघितलं, ओळखीचं काही दिसल्यासारखं केलं, आणि मग मान वर करून मुलीला विचारलं, "केनी आला का?"

मेगनने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "तो आला नाही. येणारही नाही."

डेलने मान हलवली, शहाण्या मुलासारखी. मग खुर्चीतल्या खुर्चीत वळून तो आमच्या मागच्या काचेच्या मोठ्या दाराकडे बघायला लागला. दर वेळी ते उघडलं की कुणी ना कुणी आत यायचं. मेगनने त्याच्या गळ्यातला मफलर सोडून पुन्हा नीट गुंडाळला, घशाला थंडी लागणार नाही असा, आणि खुर्ची आत ढकलली.